बांधाच्या पोटातली विहीर

मी आयुष्यभर खोटी झाडं लावली. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कातरायची, हिरव्या रंगात बुडवायची, तारेच्या खोडावर डकवायची, की झालं आंब्याचं झाड. या झाडांना पाणी लागत नाही आणि त्यांचा पाला कुणाच्या गॅलरीत पडत नाही, त्यामुळे बिल्डर मंडळींचा त्यांच्यावर फार जीव. नव्वदनंतर ठाण्यात घोडबंदर रस्त्याला ज्या सोसायट्या उठल्या, त्यांतल्या बऱ्याच आधी आमच्या टेबलावर उठल्या होत्या. टेबलावर झाडं जास्त होती, एवढाच फरक.

आमचा गाळा वागळे इस्टेटमध्ये होता. एका बाजूला स्प्रिंग बनवणारे, दुसऱ्या बाजूला रबराचे वॉशर बनवणारे आणि मधे आम्ही, मॉडेलवाले. धरण, पूल, कारखाना, इमारत, जे उद्या उभं राहायचं आहे किंवा पूर्वी कधी उभं होतं, ते टेबलावर मावेल एवढं करून द्यायचं हा आमचा धंदा. प्लायवूड, प्लास्टर, लाकडाचा भुसा आणि चिकाटी हे त्याचं भांडवल. हातात बांगड्या असल्या की ओल्या प्लास्टरवर त्यांचे ओरखडे उमटतात, म्हणून मी त्या घरी काढून ठेवायची. सासूबाई डोंबिवलीत शेजारपाजारी सांगायच्या, "आमची सून रोज सकाळी लंकेची पार्वती होऊन कामावर जाते." एक दिवस लंकाच माझ्या टेबलावर येईल हे त्यांना किंवा मला तरी कुठे माहीत होतं!

मॉडेल बनवणारा माणूस म्हणजे सभ्य खोटारडा. डोंगर खऱ्या मापात केला तर तो वारुळाएवढाही दिसत नाही, म्हणून त्याची उंची गुपचूप दुप्पट करायची. इस्टेटमधल्या एका साहेबांनी कारखान्याच्या मॉडेलमध्ये आपली केबिन "जरा ठळक" करायला सांगितली होती. त्या मापाने साहेब स्वतः बारा फूट उंच निघाले असते. एका बिल्डरने नाल्याला निळा रंग द्यायला लावला. दिला. गिऱ्हाइकाचा नाला, गिऱ्हाइकाचा रंग. आणि या धंद्याचा पहिला नियम माझ्या गुरूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता: जे दिसत नाही ते बनवायचं नाही. आमच्या डोंगरांच्या आत वर्तमानपत्राचे बोळे असतात आणि इमारतींच्या आत हवा. आत वाकून कोण बघतंय? हा नियम मी इमानेइतबारे पाळला. एकदाच तो माझ्या अंगाशी आला. ती गोष्ट सांगायची म्हणूनच मी हा लेख लिहायला हो म्हटलं, नाहीतर खोट्या झाडांबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नसतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एका दुपारी कल्याणहून कर्णिक सर आले. शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बगलेत कागदाची गुंडाळी, चष्म्याच्या काचा जाड. गाळ्याच्या उंबऱ्याला ते अडखळले आणि जोमादादाने पुढे होऊन त्यांचा दंड धरला. जोमादादा आमचा सुतार. शीळफाट्यावरून आत, खाडीच्या अंगाला असलेल्या आगरी गावातला, माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा. रंधा मारताना तो कुणाकडे बघत नसे, पण ऐकत सगळं असे.

सरांनी टेबलावर कागद पसरला. पेन्सिलीने काढलेलं मोठं चित्र होतं, पुस्तकांतून जमवून स्वतःच्या हाताने काढलेलं.

"हे लंकेतलं तळं. दोन हजार वर्षांपूर्वी तिथले लोक बांधत, तसलं. मला यात पाणी हवंय, शैलाबाई. ते बांधाच्या खालून निघून शेतात गेलं पाहिजे."

"सर, रंगवलेलं पाणी चालेल का? अगदी खऱ्यासारखं दिसतं."

"रंगवलेलं पाणी मी बत्तीस वर्षं फळ्यावर दाखवलं," सर म्हणाले.

मग त्यांनी सरळच सांगितलं. त्यांना काचबिंदू होता. नजर कडेकडेने मिटत चालली होती, मधलं थोडं उरलं होतं, आणि तेही वर्षभर पुरलं तर पुरलं असं डॉक्टर म्हणत होते. निवृत्तीनंतर लंकेला जायचं म्हणून त्यांनी पासपोर्ट काढला होता, पण तिथे युद्ध पेटलं आणि पासपोर्ट कोराच राहिला. चार महिन्यांनी त्यांच्या शाळेत प्रदर्शन भरणार होतं. खर्च माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने उचलला होता.

"मुलांना मी राजे पाठ करायला लावले," ते म्हणाले. "कोण गादीवर बसला, कोणी कोणाला मारलं. तळी बांधली म्हणून शिलालेखांत राजांची नावं आहेत. पण राजा काय चिखलात उतरला होता? ज्यांनी डोकं चालवलं त्यांच्याबद्दल मी वर्गात एक वाक्य बोललो नाही, कारण ते परीक्षेत येत नव्हतं. डोळे जायच्या आत मला ते पाणी एकदा चालताना बघायचंय. आणि लोकांना दाखवायचंय."

असं कोणी सांगितल्यावर नाही कसं म्हणणार? मी नाही म्हटलं नाही.

त्यानंतर सर दर गुरुवारी येऊ लागले. काम बघायला म्हणून यायचे आणि तास घेऊन जायचे. मला शाळेत इतिहासाचा कंटाळा होता हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि दोन-तीन गुरुवारांनंतर सांगण्यासारखं ते उरलंही नाही. राजांच्याही आधी त्या बेटावर गुहांत राहणारी, शिकार करणारी, मध गोळा करणारी माणसं होती. त्यांचे वंशज म्हणवणारे वेद्दा लोक अजून तिथल्या रानात आहेत. नंतर आलेल्यांनी आपल्या बखरी लिहिल्या आणि आधीच्यांना यक्ष आणि नाग म्हणून टाकलं.

"जे आपल्या आधी तिथे होते, त्यांना माणूस म्हणायला लोकांना फार जड जातं," सर म्हणाले. "म्हणजे मग त्यांच्याकडून काही शिकलो हे कबूल करावं लागत नाही."

बेटाच्या कोरड्या भागात वर्षातले थोडेच महिने पाऊस. तेवढं पाणी अडवून लोकांनी गावागावात तळी बांधली, एकाखाली एक, माळेसारखी. वरच्या तळ्यातून सुटलेलं पाणी खालचं तळं धरायचं. तळ्याच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा राखायचे, म्हणजे वारा पाणी उडवून नेत नाही. बांधाच्या खालच्या अंगालाही एक रानपट्टा सोडायचे, म्हणजे झिरपणारा खारटपणा तिथेच जिरतो आणि भातापर्यंत पोचत नाही. हे ऐकून जोमादादाचा रंधा थांबला होता. खारटपणा म्हणजे काय ते आमच्यात त्यालाच कळत होतं.

आणि दुष्काळात तळं अर्धंच भरलं, तर तळ्याजवळची तेवढीच जमीन पिकवायची आणि त्या वर्षापुरती ती अख्ख्या गावात वाटून घ्यायची, अशी तिथली रीत होती. एरवी ती कुणाच्या नावावर आहे हे त्या वर्षी मोजायचं नाही.

"आमच्याकरं पन तसाच," जोमादादा पहिल्यांदाच मधे बोलला. "खांड गेली का घरटी एक मानूस बांधावर. जमीन कोनाची ते कोन इचारतं तवा?"

खाडीच्या भरतीने शेताचा बांध फुटला की त्या भगदाडाला ते लोक खांड म्हणतात. सरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि जोमादादाला आणखी चार प्रश्न विचारले. त्या दिवसापासून ते आले की आधी त्याच्या बाकाशी जायचे, मग माझ्याकडे.

शेजारचे स्प्रिंगवाले शेठ एकदा डोकावले. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे सगळं कौतुक ऐकून म्हणाले, "असेल हो सर. लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय त्याचं?"

"विटा मातीच्याच होत्या," सर शांतपणे म्हणाले. "पण भाजलेल्या अशा, की अजून शाबूत आहेत. तुमच्या गाळ्याची भिंत कधी बांधलीत?"

शेठच्या भिंतीला मागच्याच पावसात तडा गेला होता. ते पुन्हा डोकावले नाहीत.

आठ फूट बाय पाच फुटांचं मॉडेल उभं राहिलं. तळं, मातीचा लांब बांध, पाण्याच्या बाजूला बारीक दगडांची फरसबंदी, खाली पाट आणि भुशाची हिरवी भातखाचरं. चित्रात बांधाच्या पोटात एक चौकोन होता. ती चौकोनी विहीर आहे, तळ्याचं पाणी आधी तिच्यात येतं आणि मग बाहेर पडतं, असं सरांनी समजावलं होतं. मी मान डोलावली होती. पण ती बांधाच्या आत होती, म्हणजे दिसणार नव्हती. वरून तिचं नुसतं तोंड दिसणार. मी बांधाच्या माथ्यावर काळ्या रंगाने एक सुबक चौकोन रंगवला आणि आतून तळ्यापासून पाटापर्यंत सरळ नळी टाकली. छान दिसत होतं.

पहिली चाचणी सरांच्या समोर झाली. तळ्यात पाणी भरलं, नळीच्या तोंडाची लाकडी पट्टी उचलली. आता धंद्यातली एक गोष्ट सांगते. झाड लहान करता येतं, डोंगर लहान करता येतो, पाणी लहान करता येत नाही. मॉडेल कितीही छोटं असलं तरी त्यातलं पाणी पाण्यासारखंच वागतं. ते नळीतून सुसाट सुटलं, पाट फोडला, भातखाचरं उचलली आणि वॉशरवाल्यांच्या दारात नेऊन ठेवली. नळीच्या बाजूने माती सुटली आणि बांधाचा मधला भाग खाली बसला. पाच मिनिटांत माझ्या दोन महिन्यांच्या कामाचा चिखल झाला होता.

"फुटला का?" सरांनी विचारलं. ते बांधापासून चार हातांवर उभे होते. तेवढ्या अंतरावरून त्यांना ते दिसलं नव्हतं. प्रदर्शनाला तीन आठवडे राहिले होते.

पुढे मी जे केलं ते लिहायला आजही हात जड होतो. मी बांध पुन्हा बांधला आणि नळीच्या मधोमध एक पितळी नळ बसवला. साधा, बाथरूमचा. तो बांधाच्या पोटात दडवला, चावी खालून प्लायवूडमधून काढली. हवं तेवढंच पाणी, अगदी राजेशाही चालीने पाटात येऊ लागलं. जोमादादा दोन दिवस गावी गेला होता. मी एकटीने केलं.

गुरुवारी सर आले. मी टेबलाखाली हात घालून चावी अर्धी फिरवली. सर गुडघ्यांवर बसले, चेहरा पाटाच्या इतका जवळ नेला की नाक ओलं झालं. पाणी खाचरांत पसरत होतं. एक काडी हलत नव्हती.

"हे त्या विहिरीमुळे?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

जाताना ते माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुम्ही मला लंकेला नेऊन आणलंत."

दुसऱ्या दिवशी जोमादादा परत आला. त्याने मॉडेल बघितलं, वाकून टेबलाखाली बघितलं आणि सरळ उभा राहिला. रंधा हातात घेतलाच नाही.

"बाय, मास्तरांना दिसत नाय म्हनून असा केलास ना?"

मी मुदत, मंडळ, प्रदर्शन असं काहीबाही सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "बिल्डरला फसव. त्यो आपल्याला फसवतं. या मानसाला नको."

असं मला सासूबाईंनीही कधी सुनावलं नव्हतं. राग आला, मग राग यायचं कारण सापडेना. त्याच दुपारी मी कल्याणला सरांच्या घरी गेले. ते खिडकीशी बसून भिंगातून वाचत होते. मी बसलेही नाही, उभ्यानेच सांगून टाकलं.

सरांनी भिंग पुसलं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"मला फार आनंद झाला होता हो," ते म्हणाले. त्यांनी ओरडायला हवं होतं, ते मला परवडलं असतं. "दोन हजार वर्षं जगाने त्या लोकांचं श्रेय राजांना दिलं, शैलाबाई. तुम्ही ते नळाला दिलंत."

मी रडले. घरात त्यांची पत्नी होती, त्या पाणी घेऊन आल्या आणि काही न विचारता परत गेल्या. थोड्या वेळाने सर उठले आणि खुंटीवरची पिशवी चाचपून घेतली. "चला," म्हणाले, "मोडू या ते."

आम्ही गाळ्यात पोचलो तेव्हा जोमादादाने नळ काढून ठेवलेला होता. बांधाच्या माथ्यावरच्या माझ्या रंगकामाकडे बोट दाखवून त्याने सरांना विचारलं, "मास्तर, यो काला चौकोन काय हाय?"

सरांनी पिशवीतून चित्र बाहेर काढलं आणि विहीर समजावली. मला समजावली होती त्याच शब्दांत. पण ऐकणारा वेगळा होता. त्यांचं अर्धं बोलणं व्हायच्या आत जोमादादाच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"ही रिकामी ठेवाची असते! आत हौद पायजे, बाय, रंग कशाला मारलास?" मग तो सरांकडे वळला. "आमच्या बांधाला उघाडी असते ना, शेतातला पानी खाडीत सोडाची दारं? बापूस उघाडीच्या मागं दगडांचा हौद करायचा. पानी येतं तावातावानं. त्या हौदात आपटतं, भांडतं, दमतं, मंग गप निंगून जातं. पान्याला भांडाला जागा दिली नाय तर ते बांधाशीच भांडतं."

सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. "मी या विहिरीवर तीन पुस्तकं वाचली," ते म्हणाले. "इतकं सोपं एकातही लिहिलेलं नाही."

ती विहीर जोमादादाने केली. फरशीचे तुकडे घासून चौकोनी हौद, सांध्यांना मेण. तळ्याकडून आत येणारी भोकं दोन, बारकी. पाटाकडे जाणारं एकच, पण मोठं, म्हणजे पाणी आत तुंबत नाही. मी नीटनेटकं दिसावं म्हणून सगळी एका मापाची आखली होती. त्याने ती पुसली. सरांनी भिंग लावून आपलं चित्र तपासलं, तर तिथेही तसंच होतं. त्यांनी पुस्तकातून उतरवून घेतलं होतं, मी बघितलं होतं आणि आमच्या दोघांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. विहिरीतलं दार नेमकं कसं उचलत, यावर विद्वानांचं एकमत नाही, असं सर म्हणाले. जोमादादाने सागाची फळी उभ्या खाचेत बसवली आणि म्हणाला, "एकमत होईपरेंत ही चालंल."

पुन्हा चाचणी घेतली त्या दिवशी टेबलाखाली कुणाचा हात नव्हता. फळी उचलली. विहिरीत पाणी उसळलं, भिंतींवर आपटलं, गोल फिरलं आणि पलीकडच्या भोकातून निवांत बाहेर आलं. पाटातून खाचरांत गेलं. बांध जागेवर होता. सर आधी विहिरीवर वाकले, मग पाटावर, मग परत विहिरीवर. लहान मूल जत्रेतल्या पाळण्याकडे बघतं तसे ते बघत होते. त्यांनी ते बघितलं, स्वतःच्या डोळ्यांनी आणि वेळेत. माझ्या धंद्यात मी केलेलं एवढं एकच मॉडेल आहे, ज्याचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा देखणा होता, आणि तो मी केलेला नव्हता.

पुढच्या दोन वर्षांत सरांचं वाचन पूर्ण बंद झालं. जोमादादाच्या गावची उघाडीही नंतर भरावाखाली गेली आणि त्या शेतांवर ज्या इमारती उठल्या त्यांतल्या एकीचं मॉडेल माझ्याकडे आलं. मी ते काम घेतलं नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही, हात चालला नसता एवढंच.

पण हे सगळं नंतरचं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळेत मॉडेलजवळचा फलक लिहायचं काम चाललं होतं. तळी बांधणाऱ्या राजांची नावं सरांनी खाली, बारीक अक्षरांत घ्यायला लावली. वर मोठ्या अक्षरांत एक ओळ सांगितली: "ही विहीर ज्याला पहिल्यांदा सुचली, त्याचं नाव". आणि पुढे जोमादादाचं नाव घाला म्हणाले.

जोमादादा घाबरलाच. "माझा कशाला? मना थोरीच सुचली? बापसाचा लिवा."

"त्यांना सुचली होती?"

"नाय. त्याला आज्यानं सांगितली."

"आणि आजोबांना?"

जोमादादाने थोडा विचार केला. "मंग जागा मोकलीच ठेवा, मास्तर."

सरांनी फलक लिहिणाऱ्याला हातानेच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सगळं कल्याण लोटलं होतं असं काही मी म्हणणार नाही, पण शाळेचा हॉल भरला होता. मुलं पुन्हा पुन्हा फळी उचलायला सांगत होती, जोमादादा नवा सदरा घालून उचलत होता आणि सर विहिरीच्या काठाशी खुर्ची टाकून बसले होते. प्रमुख पाहुणे आले. त्यांनी पाणी बघितलं, वाहवा केली, मग फलक वाचला. वाकून पुन्हा वाचला आणि सरांच्या कानाशी लागून हळूच म्हणाले, "सर, इथे नाव लिहायचं राहिलंय."

"हो," सर म्हणाले. "दोन हजार वर्षं राहिलंय."

पाहुण्यांनी मदत करायला म्हणून खिशातलं पेन काढलं होतं. ते त्यांनी टोपण लावून परत खिशात ठेवलं.